मंडळांच्या मुलाखती आणि परतीची गाडी

पहिल्या वर्षी मी कॉलेजातल्या एकाही मंडळासाठी अर्ज केला नाही. कोणी विचारले की अभ्यासाचे कारण पुढे करायचे. खरे कारण मात्र सूचनाफलकावर लिहिलेला ‘मुलाखत’ हा शब्द होता. बारावीपर्यंत टिटवाळ्यात मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या समजुतीत मुलाखत नोकरीसाठी घेतली जात असे आणि तीही इस्त्रीचे कपडे घातलेल्या मोठ्या माणसांची. दुसऱ्या वर्षी धीर करून मी चार ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी सरळ नकार मिळाला, एका ठिकाणी विशेष काही न होता निवड झाली, एका ठिकाणी मनासारखी झाली आणि एका ठिकाणी मी दोन महिन्यांहून अधिक काळ प्रतीक्षा यादीत लटकत राहिले. हे कसे कसे घडते हे आधी कोणी सांगितले असते तर जून-जुलैमधल्या कितीतरी रात्रींची झोप वाचली असती, म्हणून तारखांसह लिहून ठेवत आहे. कॉलेजचे नाव लिहीत नाही. दादर स्थानकापासून चालत जाता येते, एवढे पुरे.

घरी सांगितले तेव्हा बाबांना आधी मुलाखत ही कल्पनाच पटेना. ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात होते आणि त्यांच्या आठवणीत निवडणुका, घोषणा आणि भिंतींवर चिकटवलेली पत्रके होती. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, पण मी कॉलेजात आल्यापासून मतपेटी काही पाहिलेली नाही. आमच्याकडे जे काही मिळते ते अर्ज, मुलाखत आणि सूचनाफलकावरची यादी या वाटेनेच मिळते. “म्हणजे तुम्हाला मते मागायला नकोत, नुसते उत्तर द्यायचे,” असे म्हणून बाबांनी विषय संपवला. मते मागणे कदाचित सोपे गेले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

२४ जून २०२४ रोजी चारही मंडळांच्या सूचना एकाच दिवशी लागल्या आणि अर्जांची मुदत २९ जूनपर्यंत होती. वार्षिक महोत्सवाची आयोजन समिती, राष्ट्रीय सेवा योजना, मराठी वाङ्मय मंडळ आणि आमच्या विभागाचे अर्थशास्त्र मंडळ अशी माझी निवड होती. प्रत्येक अर्जाचे वीस रुपये, त्यासोबत मागील वर्षाच्या गुणपत्रिकेची प्रत, ओळखपत्राची प्रत, दोन छायाचित्रे आणि पालकांचे संमतिपत्र. सेवा योजनेसाठी शिवाय बोनाफाईड दाखला हवा होता आणि तो मिळण्याची खिडकी आणि रेल्वे सवलतीचा फॉर्म मिळण्याची खिडकी आमच्याकडे एकच आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निम्मे कॉलेज पासची सवलत घेण्यासाठी त्याच खिडकीसमोर उभे असते. मी २५ तारखेला सव्वा तास रांगेत काढला आणि माझ्यापुढे चार मुली असताना एक वाजला, खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याच्या वीस मिनिटे आधी जाऊन उभी राहिले तेव्हा अर्ज आत गेला आणि दाखला २८ तारखेला हाती आला. त्यामुळे ज्यांना हे करायचे आहे त्यांनी सूचना लागण्याची वाट न पाहता कॉलेज सुरू होताच दाखला काढून ठेवावा, आणि छायाचित्रे दोन न काढता आठ काढावीत. स्टुडिओवाला आठांचे साठ रुपये घेतो आणि ती सगळी सप्टेंबरपर्यंत संपतात.

संमतिपत्रावर ‘निवासाचा पत्ता’ असा रकाना होता. तो भरताना मला काही वाटले नाही. पुढच्या तीन आठवड्यांत सगळे त्या रकान्यावरूनच घडणार होते.

पहिली मुलाखत महोत्सव समितीची. आमच्या महोत्सवात विद्यार्थ्यांचेच निरनिराळे विभाग असतात आणि प्रत्येक विभागप्रमुखाला एचओडी म्हणतात. पहिल्या दिवशी ‘एचओडींना भेटा’ असा निरोप आल्यावर मी थेट अर्थशास्त्र विभागाच्या मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहून मला कॅन्टीनकडे पाठवले, कारण खरे एचओडी तिथे वडापाव खात बसले होते. मी हॉस्पिटॅलिटी, म्हणजे बाहेरच्या कॉलेजांच्या संघांची व्यवस्था पाहणाऱ्या विभागासाठी अर्ज केला होता. निवडीच्या तीन फेऱ्या होत्या. ३ जुलैला गटचर्चा झाली. दहा जण गोल बसलो, विषय मिळाला, आणि पहिली चार मिनिटे तीन मुलेच बोलत राहिली. मी दोनदा तोंड उघडले आणि दुसऱ्या वेळी माझे वाक्य पूर्ण झाले. तरीही पुढच्या फेरीच्या यादीत माझे नाव आले. किती बोललो यापेक्षा दुसऱ्याचे बोलणे ऐकून त्याला धरून बोललो का, हेही तिथे टिपले जाते, असे नंतर एका सीनियर मुलाकडून कळले.

५ जुलैची दुसरी फेरी कामाची होती. पाच-पाच जणांचे गट करून आम्हाला शंभर रुपये आणि एक यादी दिली आणि दादरच्या बाजारातून त्यातल्या वस्तू आणायला सांगितले. मला त्यात खरोखर मजा आली. फुलबाजार, छबिलदासची गल्ली, स्थानकाखालची दुकाने हे सगळे माझ्या रोजच्या वाटेवरचे असल्याने आमचा गट सर्वांत आधी परतला. पण नंतर सगळ्या गटांनी आपापला अनुभव मांडायचा होता आणि आमचा क्रम शेवटचा. घड्याळात पावणेनऊ वाजले तेव्हा मी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडले. दादरहून टिटवाळ्याला जाणारी गाडी दर पाच मिनिटांनी नसते. एक चुकली की कल्याणपर्यंत जाऊन तिथे पुढच्या गाडीची वाट पाहायची. घरी पोहोचले तेव्हा अकराला दहा मिनिटे कमी होती. शेअर रिक्षा बंद झाल्या होत्या, स्वतंत्र रिक्षाचे साठ रुपये गेले आणि आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. त्या रात्री मला तेच जास्त लागले.

शेवटची फेरी, म्हणजे प्रत्यक्ष मुलाखत, ८ जुलैला होती. मुंबईकरांना ती तारीख आठवत असेल: मध्यरात्री एकपासून सकाळी सातपर्यंतच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, रुळांवर पाणी साचले आणि मध्य रेल्वे कोलमडली. आमच्या कसारा मार्गावर तर आदल्या दिवशीच आटगावच्या बाजूला रुळांवर माती येऊन गाड्या अडकल्या होत्या. मी दादरहून आणलेला साडेचारशे रुपयांचा पांढरा शर्ट घालून फलाटावर चाळीस मिनिटे उभी राहिले आणि मग मुलाखती १० तारखेला गेल्याचा निरोप मोबाइलवर आला. इथे एक बारीकशी सूचना करावीशी वाटते. अशा दिवशी निरोपाची वाट न पाहता आपण स्वतःहून, वेळेआधी, दोन ओळींचा संदेश पाठवावा. मी तो पाठवला नव्हता. न सांगता गैरहजर राहिल्यासारखे दिसेल या भीतीने नुसती भिजत उभी राहिले.

१० तारखेची मुलाखत इंग्रजीतून झाली. समोर चार विद्यार्थी, मध्ये बाकडे, आणि माझी पाठ केलेली स्वतःची ओळख. ती मी आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवली होती, त्यामुळे तिसऱ्या वाक्यात एक शब्द विसरला तेव्हा सगळा डोलारा खाली आला. त्यांनी शांतपणे पाणी पुढे केले. नंतर एकाने विचारले, की बाहेरगावच्या संघांचे मिळून १२० जण रात्री दहा वाजता उपाशी आहेत आणि ठरलेला केटरर आलेला नाही, तर काय करशील. मी म्हणाले, ऑनलाइन मागवीन. ते हसले नाहीत, ‘१२० ताटे?’ एवढेच म्हणाले. माझे सख्खे मामा कल्याणला केटरिंगचा व्यवसाय करतात, ऐनवेळी पुलाव आणि रस्सा किती माणसांना किती वेळात होतो हे मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि हे सगळे मला आठवले ते परतीच्या गाडीत, ठाणे गेल्यावर.

त्यानंतरचा प्रश्न होता, कुठे राहतेस. मी म्हटले, कल्याणच्या बाजूला. हे खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. महोत्सवाच्या आधीचे दहा दिवस किती वाजेपर्यंत थांबू शकशील, असे विचारल्यावर मी म्हणाले, कितीही वाजेपर्यंत. त्यांच्यातल्या मुलीने माझा अर्ज उचलला, पत्त्याचा रकाना वाचला, आणि काही न बोलता खाली ठेवला. मुलाखत तिथेच संपली असे मला आज वाटते, जरी आणखी पाच मिनिटे आम्ही आवडीनिवडींविषयी बोलत होतो.

१३ जुलैच्या यादीत माझे नाव नव्हते. यादी ग्रुपवर आली तेव्हा मी वर्गात होते, आणि शेजारच्या मैत्रिणीचे नाव त्यात होते. तिचे अभिनंदन केले, ते मनापासूनच केले, पण मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन पाच मिनिटे रडले हेही खरे. नकाराचे कारण कोणी कळवत नाही आणि विचारण्याची पद्धतही नाही. तरी मी आठवडाभराने त्या मुलीला गाठून विचारलेच. ती म्हणाली, “मागच्या वर्षी तीन जणांनी असेच कितीही वेळ थांबू म्हणून सांगितले होते. पहिल्याच रात्री साडेआठला तिघांच्याही घरून फोन आले.” तिच्या बोलण्यात तिरकस काही नव्हते. मला रागवायला जागाच उरली नाही.

मधल्या काळात अर्थशास्त्र मंडळाची मुलाखत होऊन गेली. तीत दोन प्रश्न होते, जागा बारा आणि अर्ज अकरा. निवड झाली.

१७ जुलैला आषाढी एकादशीची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत नेहमीच्या मावशी भेटल्या. त्या शीवला एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि आसनगावहून येतात. गेले वर्षभर त्या माझ्यासाठी तिघींच्या बाकावरची चौथी सीट धरून ठेवतात. सगळी हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मेट्रनला सांगितलं, मी आसनगावची. रात्रपाळी द्या, पहाटेची द्या, पण अर्ध्या रात्री सुटणारी देऊ नका. तुझी गाडी किती वाजताची ते तू आधी सांग, मग त्यांचं काम त्यात कुठं बसतं ते त्यांना बघू दे.” घाटकोपर येईपर्यंत आम्ही माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळा आठवडा मांडला: कोणत्या दिवशी शेवटचा तास कधी संपतो, संध्याकाळी कोणत्या गाडीने गेले तर साडेआठच्या आत घरी पोहोचते, सकाळी किती लवकर येता येईल, रविवार कोणते मोकळे आहेत. ते पान फाडून मी फाइलमध्ये ठेवले. मुलाखतीची माझी खरी तयारी तेवढीच झाली.

१९ जुलैला राष्ट्रीय सेवा योजनेची मुलाखत होती. बाहेर बाकावर बसलेलो आम्ही सगळे एकच पाठांतर करत होतो: योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत, ४० हजार स्वयंसेवकांसह; बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचे चाक, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. आत गेल्यावर कार्यक्रम अधिकारी सरांनी त्यातले काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले, “वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. कुठून काढशील?” मी फाइलमधले पान काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितले, की सर, मी टिटवाळ्याला राहते, संध्याकाळी सहानंतर मला थांबता येणार नाही, पण सकाळी सातला मी इथे असू शकते आणि महिन्यातले दोन रविवार पूर्ण देऊ शकते. शिबिरासाठी घरून परवानगी आहे, ती मी कालच विचारून घेतली आहे. बोलताना आवाज कापत होता, पण या वेळी काही पाठ केलेले नसल्याने विसरण्यासारखेही काही नव्हते.

सरांनी पान बराच वेळ वाचले. “जाऊन येऊन तीन तास. म्हणजे आठातला एक प्रहर तुझा गाडीतच जातो,” ते म्हणाले आणि शेजारी बसलेल्या विद्यार्थी प्रतिनिधीला त्यांनी विचारले, की सकाळच्या स्वच्छता फेरीला आपल्याकडे किती जण येतात. तो म्हणाला, सर, सातला कोणीच येत नाही, आठला चार जण येतात. मुलाखत सहा मिनिटे चालली. २२ जुलैला यादी लागली आणि तीत माझे नाव होते. पुढचे वर्षभर सकाळी सातच्या फेरीची हजेरी माझ्याकडे आली, ही त्या प्रामाणिकपणाची किंमत समजावी. थंडीत पावणेपाचला उठताना मी स्वतःला बऱ्याचदा बोल लावला आहे.

इथे उपस्थितीविषयी सांगायला हवे, कारण या गोष्टीची कल्पना मला मुलाखती संपल्यानंतरच आली. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती लागते आणि मंडळाच्या कामासाठी बुडालेले तास आपोआप भरून निघत नाहीत. आमच्याकडे त्यासाठी एक चिठ्ठी असते. तिच्यावर मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांची सही त्याच आठवड्यात घ्यावी लागते आणि मग ती प्रत्येक विषयाच्या शिक्षकांकडे न्यावी लागते. महिन्याच्या अखेरीस एकदम सात चिठ्ठ्या घेऊन गेलेल्या मुलांना काय ऐकावे लागते हे मी पाहिले आहे. मुलाखतीत शेवटी ‘तुला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात, तेव्हा हे विचारून घ्यावे. मी चारही ठिकाणी मान हलवून ‘नाही’ म्हणाले होते.

मराठी वाङ्मय मंडळाची मुलाखत २६ जुलैला होती. आईला ती तारीख मुळीच पसंत नव्हती. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बाबा दोन दिवस घरी पोहोचले नव्हते, आणि तेव्हापासून त्या दिवशी घरातून कोणी बाहेर पडले की ती रेडिओ लावून बसते. मी डबा, छत्री आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड घेऊन निघाले. पाऊस बेताचाच होता.

या मुलाखतीची मला सर्वांत कमी भीती होती आणि तीच सर्वांत अवघड गेली. भाषा आपली, त्यामुळे लपायला जागा नव्हती. मंडळाच्या मॅडमनी विचारले, की जानेवारीत १४ ते २८ तारखांचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. या दोन्ही वेळी दरवर्षी निबंध, वक्तृत्व आणि ग्रंथदिंडी होते. त्याखेरीज तू काय करशील? मी गप्प. बराच वेळ गप्प. मग, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, मी गाडीतल्या बायकांच्या बोलण्याविषयी सांगू लागले. डब्यात शिरताच, कोण कुठे उतरून जागा रिकामी होणार हे कळावे म्हणून, ‘ठाणा कोण, कुर्ला कोण’ असे विचारले जाते आणि कोणालाही त्यात चमत्कारिक वाटत नाही. शहापूर-वासिंदकडच्या भाजीवाल्या मावश्या मेथी निवडता निवडता जे शब्द वापरतात ते माझ्या पाठ्यपुस्तकांत कधी आले नाहीत. खडवली, आटगाव, उंबरमाळी या स्थानकांची नावेच किती बोलकी आहेत. या सगळ्याचे एक भित्तिपत्रक करता येईल, असे मी म्हणाले. मॅडम पुढे झुकून ऐकू लागल्या. नंतर मी तेच पान काढले आणि सहाची मर्यादा सांगितली. मंडळाच्या नाटकाच्या तालमी सातनंतर सुरू होतात, त्यामुळे त्यांचा चेहरा थोडा उतरला.

२ ऑगस्टच्या यादीत मी प्रतीक्षेत दुसरी होते. नकारापेक्षा हे वाईट असते. ऑगस्टभर मी रोज सूचनाफलकावरून नजर फिरवत असे, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर ती सवय सुटली. मग ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा माझ्या प्रतीक्षा यादीशी संबंध असेल असे मला वाटायचे कारण नव्हते, पण प्राचार्यांनी मंडळाला वर्षभराचे जादा कार्यक्रम आखायला सांगितले, हात कमी पडू लागले, आणि ७ ऑक्टोबरला मॅडमचा निरोप आला: तालमींचे सोड, भित्तिपत्रक तू घे. प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी तोपर्यंत दुसऱ्या मंडळात गेली होती. यादीत असाल तर मधून एकदा प्रभारी शिक्षकांना भेटून आपण अजून इच्छुक आहोत एवढे सांगावे. मी सांगितले नव्हते, माझे नशीब म्हणून निरोप आला.

डिसेंबरमध्ये महोत्सव झाला. सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून सकाळी सात ते दुपारी तीन मी फाटकावर होते आणि हॉस्पिटॅलिटीच्या मुली रात्रीच्या जागरणाने सुजलेल्या डोळ्यांनी चहा मागायला येत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला. अजूनही थोडा वाटतो.

पुढच्या जुलैत, म्हणजे २०२५ मध्ये, वाङ्मय मंडळाच्या मुलाखतींना मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. अर्जाचा नमुना नव्याने छापायचा होता, तेव्हा पत्त्याच्या रकान्याखाली मी एक रकाना वाढवला: ‘संध्याकाळी परतीची सोयीची गाडी किती वाजताची?’ नमुना मंजुरीसाठी उपप्राचार्यांकडे गेला आणि पाच दिवसांनी परत आला. त्यांनी ‘सोयीची’ हा शब्द खोडून ‘नेहमीची’ केला होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते, की सोयीची गाडी कोणाला मिळते. त्याच्या चाळीस प्रती काढल्या. त्यांचे ऐंशी रुपये मी खिशातून दिले, पावती लेखा विभागात जमा केली, आणि ती खिडकीही साडेबारालाच बंद होते.